शारजातल्या शाळेत नोकरी : ३५०० दिरहम + राहायला जागा. जाऊ का?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज स्वतःचं काम पडल्यावर धागा काढतेय, रागावू नका.

मी नाशिकची. बी.एस्सी. गणित, बी.एड. अकरा वर्षं एका विनाअनुदानित इंग्रजी शाळेत शिकवतेय. हातात २४ हजार येतात, मे महिन्यात अर्धेच. सरकारी शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणी देऊन झाली, त्याच भरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरून झाले, आता फक्त वाट बघणं चालू आहे.

गेल्या महिन्यात शारजातल्या एका सीबीएसई शाळेची ऑनलाइन मुलाखत दिली आणि निवड झाली. पगार ३५०० दिरहम, शाळेकडून जागा (दुसऱ्या शिक्षिकेबरोबर एक खोली), वर्षाला एक तिकीट, आरोग्य विमा, मुलाला निम्मी फी. करार दोन वर्षांचा. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात हजर व्हायचंय. नवरा सातपूरला कंपनीत आहे, मुलगा दुसरीत. सासूबाई म्हणतात जा, आई म्हणते वेड लागलंय का.

दिरहम साधारण २३ रुपये धरला तर ८० हजार होतात. एवढ्यासाठी घर सोडून जावं का?

कोकणी_फणस
सासू जा म्हणतेय आणि आई नको म्हणतेय? उलटं असतं तर काळजी करायची. जा.

वाळवंटी_वाटाणा
ताई, मी नऊ वर्षं शारजात आहे, बायको शिक्षिका. जावं की नाही ते नंतर बघू. आधी ऑफर लेटर उघडा आणि त्यात 'बेसिक' किती लिहिलंय ते सांगा. ३५०० हा आकडा विसरा.

गोदाकाठची
बेसिक १६००. बाकी भत्ते. त्याने काय फरक पडतो? हातात तर ३५००च येणार ना?

वाळवंटी_वाटाणा
हातात येतील. जाताना येणार नाहीत. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते ती फक्त बेसिकवर. पहिली पाच वर्षं, दर वर्षाला २१ दिवसांचा बेसिक. म्हणजे १६०० भागिले ३० गुणिले २१, झाले ११२० दिरहम. सगळे ३५०० बेसिक असते तर २४५० झाले असते. तिथे पीएफ वगैरे काही नाही, निवृत्तीसाठी म्हणाल तर एवढंच. पुन्हा एक वर्ष पुरं व्हायच्या आत सोडलंत तर शून्य.

बायकोच्या पहिल्या शाळेने बेसिक असाच खाली ठेवला होता. सहा वर्षांनी सोडताना हिशोबाचा कागद हातात आला तेव्हा ती तो उलटा करून मागे काही लिहिलंय का ते बघत होती.

हिशोबनीस
वाटाणेराव, पाच वर्षांनंतरच्या वर्षांना ३० दिवसांचा धरतात, तेही सांगा. आणि हिशोब शेवटच्या बेसिकवर होतो, सुरुवातीच्या नाही. म्हणून दर वर्षी वाढ मिळाली की ती बेसिकमध्ये गेली की भत्त्यात, हे विचारायचं.

भाऊ_विदर्भ
सरकारी शिक्षकाची नोकरी लागायची शक्यता असताना वाळवंटात कशाला जाता मॅडम? पवित्रमधून लागल्या तर जन्माचं कल्याण.

रेवती७७
भाऊ, लागल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. २०२३ मध्ये मानधन वाढवलं तेव्हा प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार झालं. त्याआधी ६ आणि ८ होतं. आज ज्या बाईला २४ मिळताहेत तिने कल्याणासाठी आधी तीन वर्षं १८ वर जगायचं. आणि भरती कधी येणार ते पोर्टललाच ठाऊक.

भाऊ_विदर्भ
मान्य. पण तीन वर्षांनी वेतनश्रेणी आहे, आणि पोरगं जवळ आहे. शारजात कोण आहे?

रेवती७७
तेच लिहायला आले होते. मी तीन वर्षं तिकडे शिकवून २०१९ ला परत आले. गोदाकाठची, तुझ्या ऑफरमधली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट पगार नाही, ती एक खोली दोघींत आहे.

कुटुंबाला आपल्या व्हिसावर बोलवायचं तर पगार ४००० दिरहम हवा, किंवा ३००० आणि शाळेची जागा. कागदावर तू दुसऱ्या नियमात बसतेस असं वाटेल. पण ती जागा कुटुंबाची हवी ना. दुसऱ्या बाईच्या खोलीत नवरा-मुलगा कुठे ठेवणार? म्हणजे मुलाला निम्मी फी हे जे गाजर आहे ते तुला खाताच येणार नाही. स्वतःची जागा घेतलीस तर शाळा घरभाडं किती देणार ते लेखी घे.

माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिकडे संध्याकाळचे साडेसहा वाजले की इथे आठ. मी शाळेतून येऊन, अंघोळ करून फोन लावेपर्यंत ती जेवून पेंगायला लागलेली असायची. गृहपाठाची वही कॅमेऱ्यासमोर धरायची, अर्धी वही आणि अर्धं कपाळ दिसायचं. मी 'वही मागे घे, मागे घे' म्हणायची, ती स्वतःच मागे जायची. हसायला येतं आता.

पैसे साठले, खोटं कशाला बोलू. फ्लॅटचं कर्ज फिटलं. पण तिसऱ्या वर्षी तिने मला 'मावशी' म्हणून हाक मारली आणि लगेच जीभ चावली. त्या वर्षी राजीनामा दिला.

मस्कतकर
🙏 रेवतीताई.

जय_ठाणे
मधेच एक विचारतो. गोदाकाठची, हे थेट शाळेकडून आलंय की एजंटकडून? माझ्या चुलतबहिणीकडे दीड लाख मागितले होते, वर 'आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून देऊ'.

गोदाकाठची
एजंट आहे, मुंबईचा. ६० हजार म्हणतो. व्हिसा मात्र नोकरीचाच आहे म्हणतो.

जय_ठाणे
परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, तिथे नाव आणि परवाना क्रमांक बघा. नोंदणीकृत एजंटाला जास्तीत जास्त ३० हजार आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. ६० मागतोय म्हणजे एकतर नोंदणी नाही, नाहीतर आहे आणि कायदा खुंटीवर.

वाळवंटी_वाटाणा
आणि व्हिसाचा, मेडिकलचा, एमिरेट्स आयडीचा खर्च तिथल्या कायद्याने मालकाने करायचा असतो. पगारातून हप्त्याने कापतो म्हणाले तर तिथेच 'लेखी द्या' म्हणा. लेखी देत नाहीत. पासपोर्टही शाळेला ठेवून घेता येत नाही, 'सुरक्षिततेसाठी' म्हणाले तरी.

व्हिजिट व्हिसावर एक दिवससुद्धा वर्गात उभं राहू नका. पकडले गेलात तर शाळा म्हणेल आम्ही यांना ओळखत नाही.

कोकणी_फणस
मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कुणीतरी बाईंना जा म्हणा हो.

पेन्शनर_पुणे
अवांतर आहे, पण सांगावंसं वाटतं. माझे वडील १९६० च्या दशकात गणित शिकवायला इथिओपियात गेले होते. तेव्हा हैले सेलासी बादशहाच्या राजवटीत भारतातून पुष्कळ शिक्षक तिकडे जात. वडील अदिस अबाबापासून लांब एका गावात होते.

पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी सांगितलं, उद्या दोन वाजता या. वडील दुपारी दोनला गेले, शाळा ओस. तिकडे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. दोन म्हणजे सकाळचे आठ. वडिलांना सहा तास उशीर झालेला! वर त्यांचं वर्ष तेरा महिन्यांचं, बारा महिने तीस दिवसांचे आणि तेरावा पाच-सहा दिवसांचा.

पत्र यायला महिना लागे. आई मला वडिलांचा फोटो दाखवून 'हे बाबा' म्हणत असे. १९७४ मध्ये बादशहाची सत्ता गेली, त्यानंतर वडील परतले. तेव्हा मी अकरा वर्षांचा. स्टेशनवर मी त्यांना नमस्कार केला आणि बाजूला जाऊन उभा राहिलो, पाहुण्यासमोर उभं राहावं तसा.

कोकणी_फणस
काका, तेराव्या महिन्याचा पगार मिळायचा का?

पेन्शनर_पुणे
हाच प्रश्न आजोबांनी पत्रातून विचारला होता. उत्तरात वडिलांनी इंजेराबद्दल लिहिलं होतं, आंबोळीसारखी आंबट, परातीएवढी. पगाराबद्दल अवाक्षर नाही.

मस्कतकर
धागा भरकटून त्याचं काश्मीर व्हायच्या आत कागदपत्रांचं बोलू. ओमानला मी आलो तेव्हा डिग्रीवर अपोस्टिल (एकाच शिक्क्याचं प्रमाणीकरण) चाललं, कारण ओमान त्यासाठीच्या हेग करारात आहे. यूएई नाही. त्यामुळे तुम्हाला लांबचा रस्ता : विद्यापीठाची पडताळणी, राज्याच्या शिक्षण विभागाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय, मग दिल्ली-मुंबईतलं यूएईचं दूतावास किंवा वाणिज्य दूतावास, आणि तिकडे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. ऑगस्टला जायचं तर आजच लागा. मूळ डिग्री कित्येक आठवडे हातात नसते.

वाळवंटी_वाटाणा
+१. आणि डिग्री लॅमिनेट केलेली नाही ना?

गोदाकाठची
😐 केलेली आहे. बाबांनी २०११ लाच केली, पदवीदान समारंभाहून परत येताना रस्त्यातच.

अनघा_व
सगळ्या महाराष्ट्राचे बाबा तेच करतात. लॅमिनेशनवर शिक्का बसत नाही, परत पाठवतात. इस्त्रीने काढता येतं म्हणतात, मी काढायला गेले तर 'पुणे विद्यापीठ' प्लास्टिकबरोबर वर आलं आणि 'द्वितीय श्रेणी' तेवढी खाली राहिली.

विद्यापीठात दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा, इस्त्रीच्या नादाला लागू नका.

दुसरं, तुमच्या डिग्रीवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तीन ताटांत वाढलेलं असतं आणि लग्नानंतर तिन्ही बदलू शकतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्रही डिग्रीच्याच रांगेत लावा. मला ते नंतर सुचलं, तीन आठवडे गेले.

गोदाकाठची
तिन्ही बदललीत. सासरी नावही बदललं होतं, तेव्हा कौतुक वाटलं होतं.

हिशोबनीस
करांचं थोडक्यात. २५ ऑगस्टला निघालात तर १ एप्रिलपासून भारतातले १४७ दिवस भरतात. नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्याला १८२ ची मर्यादा, म्हणजे मार्चपर्यंत सुट्टीवर येऊन ३४ दिवसांपेक्षा जास्त राहू नका. तसंही एवढ्या पगारावर इथे कर बसला नसता, पण अनिवासी दर्जा नीट ठरलेला बरा. तिकडे पगारावर आयकर नाही.

गेल्यावर इथलं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं, इथल्या पैशांसाठीचं) करून घ्यायचं असतं, कुणी करत नाही आणि मग केवायसीच्या वेळी धावपळ होते. पगार पाठवायला एनआरई (तिकडच्या कमाईसाठीचं) खातं उघडा. पीपीएफ असेल तर मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, नवीन उघडता येत नाही.

भाऊ_विदर्भ
आता इतकं सगळं करून महिन्याला शिल्लक किती राहते तेही सांगा कोणी. जेवण, फोन, बस?

वाळवंटी_वाटाणा
जागा शाळेची, शाळेची बस शिक्षकांनाही नेते (बसमध्ये पोरांवर लक्ष ठेवायची ड्यूटी गळ्यात पडते ते वेगळं). दोघींनी मिळून स्वयंपाक केला तर बायकोच्या मैत्रिणी ७००-८०० दिरहममध्ये महिना काढतात. रोज बाहेरून शावर्मा आणि कडक चाय आणली तर हिशोब सांगत नाही.

२०२२ पासून शारजात शुक्रवार-शनिवार-रविवार सुट्टी, शाळा चार दिवस. ऐकायला गोड वाटतं. त्या चार दिवसांत पाच दिवसांची शाळा कोंबलेली असते. पहाटे पावणेसहाला बस. आणि शाळांची तपासणी जाहीर झाली की तिसरा दिवसही फायली करण्यात जातो. पोरांचं काम भिंतीवर लावा, लावलेलं काढा, पुन्हा लावा. शिकवणं मधल्या वेळात.

रेवती७७
तपासणीच्या आठवड्यात मी एकदा रात्री अकरा वाजता थर्माकोलचा अपूर्णांक कापत होते. तीन-चतुर्थांश. अजून डोळ्यांसमोर आहे.

मस्कतकर
मला एक गोष्ट खटकतेय. भारतीय शाळांचं वर्ष तिथे एप्रिलला सुरू होतं, जुलै-ऑगस्ट उन्हाळी सुट्टी. मग ऑगस्टअखेर गणिताची जागा रिकामी का? कोणीतरी सुट्टीवर गेलं ते आलंच नाही. का आलं नाही ते विचारा. शाळेला नको, त्या शाळेत आत्ता शिकवणाऱ्या एखाद्या बाईला.

वाळवंटी_वाटाणा
मस्कतकरांच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. आणि विचारायचा प्रश्न एकच : उन्हाळी सुट्टीचा पगार जूनमध्ये मिळतो की परत आल्यावर? परत आल्यावर असं उत्तर आलं तर समजून जा.

प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिने. त्या काळात देश सोडून परतायचं असेल तर १४ दिवसांची नोटीस पुरते. म्हणजे जाऊन बघणं ही काही जन्मठेप नाही.

अनघा_व
एक आरोग्याचं. व्हिसासाठी तिथे रक्त आणि छातीचा एक्स-रे होतो. लहानपणी टीबी झाला असेल तर इथेच एक्स-रे काढून डॉक्टरांचा कागद बरोबर ठेवा. माझ्याबरोबरच्या एका मुलीचं सामान लागलेलं होतं, कपाटात साड्या लावून झाल्या होत्या, आणि पुढच्या तपासण्या सुरू झाल्या. शेवटी सगळं नीट निघालं, पण महिनाभर ती बॅग भरू की नको करत होती.

कोकणी_फणस
वीज भरायला 'सेवा'कडे जावं लागतं म्हणे शारजात. महावितरणने नाव घेण्यासारखं आहे.

वाळवंटी_वाटाणा
हो, शारजाच्या वीज-पाणी खात्याचं लघुरूपच सेवा. आमच्या आईला अजून वाटतं आम्ही कुठल्याशा मंदिरात देणगी भरतो.

---

गोदाकाठची
(सव्वीस दिवसांनी)
मंडळी, उशीर झाला, माफ करा. मस्कतकरांनी सांगितल्याप्रमाणे ओळखीतून त्याच शाळेतल्या एका मराठी बाई सापडल्या, साताऱ्याच्या. त्यांनी अर्धा तास फोनवर सांगितलं. आधीच्या गणिताच्या बाईंना दुबईत दुसऱ्या शाळेत पाच हजार मिळाले म्हणून त्या गेल्या. सुट्टीचा पगार जूनमध्ये मिळतो. मुख्याध्यापिका कडक आहेत. बसमध्ये ड्यूटी आहे. खोलीतल्या जोडीदारीण रात्री मोठ्याने फोनवर बोलतात, हेही सांगितलं.

एजंट यादीत सापडला नाही. त्याला तसं विचारल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं. मग शाळेला थेट मेल केला, त्यांना एजंटाने माझ्याकडे पैसे मागितल्याचं ठाऊकच नव्हतं म्हणे. खरं-खोटं देव जाणे.

बेसिक २२०० करून दिला, एकूण ३५००च. घरभाड्याचं विचारलं तर एप्रिलपासून कुटुंब येणार असेल तर खोलीऐवजी महिन्याला १२०० देऊ म्हणाले. सही-शिक्क्यानिशी घेतलंय. नवऱ्याने तिकडे नोकरी बघायला सुरुवात केलीय, मिळाली तर एप्रिलला तिघं, नाहीतर मी मार्चअखेर परत. तसं दोघांत ठरलंय. रेवतीताई, तुमचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला. तो बराच वेळ बोलला नाही, मग उठून चहा करून आणला. त्याने गेल्या पाच वर्षांत केलेला हा दुसरा चहा.

डिग्रीची दुय्यम प्रत यायचीय. बाबांना लॅमिनेशनचं सांगितलं तर म्हणाले, नवीन आली की आधी माझ्याकडे दे, मी नीट करून आणतो.

अनघा_व
देऊ नका!!!

रेवती७७
फोन इथल्या सातलाच लाव, जेवायच्या आत. आठची वाट बघू नकोस.

भाऊ_विदर्भ
शुभेच्छा मॅडम. पवित्रची यादी लागली तर इथे टाकतो.

गोदाकाठची
टाका भाऊ, नक्की. एकच शेवटचं, कांदा-लसूण मसाला आणि भाजणी न्यावी लागेल का?

वाळवंटी_वाटाणा
अल आदिलच्या दुकानांत मिळतं सगळं. मालक धनंजय दातार आपलेच, भाजणीसाठी बॅगेतले दोन किलो घालवू नका. कुकर मात्र आणा, आणि शिट्टी वेगळी काढून हातातल्या पर्समध्ये ठेवा. आमची शिट्टी विमानतळावर बॅगेतून कुठेतरी पडली, पहिले पंधरा दिवस वरण पातेल्यात शिजवलं.